माझ्या खुर्चीमागे

"मावशी, मागे वळून बघायचं नाही हं," तो मास्तर मला म्हणाला.

याच्या आईला बहीण आहे की नाही कोण जाणे, पण सकाळी दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, धुणाऱ्या सगळ्या बायका याच्या मावश्या झाल्या होत्या. कॉलरला एवढासा माइक, चकचकीत बूट, आणि बोलणं असं गोड की लहान पोराला कडू औषध पाजतोय. मी म्हटलं, "नाही बघत." आणि समोरच्या फळ्याकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिले. माझ्या मागे एकेक माणूस येऊन उभं राहत होतं.

कशासाठी ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की म्हातारीचा सत्कार चालला होता.

मी दवाखान्याच्या धुलाईखान्यात आहे. वॉर्डातल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनची हिरवी कापडं, जे जे म्हणून घाण होतं ते खाली आमच्याकडे येतं आणि घडी होऊन वर जातं. माझी जाऊही तिथेच आहे. म्हणून मला सगळे थोरली म्हणतात आणि तिला धाकटी. आमची खरी नावं कुणाच्या लक्षातही नसतील. भाऊजींची पाठ धरली आणि त्यांचं ट्रक चालवणं सुटलं, तेव्हा मीच त्या वेळच्या साहेबांना गळ घालून धाकटीला लावून घेतलं. आम्ही एका घरात राहतो, एका गॅसवर शिजवतो, एका वाटेनं कामाला जातो. मोठ्या चादरीची घडी एकट्याच्यानं होत नाही, दोन माणसं लागतात. माझ्या समोरचं दुसरं माणूस कायम धाकटीच.

आमच्या खात्यात एक रीत आहे. काही फाटलं, जळलं, हरवलं की साहेब खाली येऊन विचारतात, "कोणी केलं?" आणि मी म्हणते, "माझ्या हातून झालं." केलेलं असो वा नसो. त्याचं असं झालं की जुने साहेब मला दोन शिव्या देऊन सोडायचे आणि दुसऱ्या कुणाला सरळ घरी बसवायचे. म्हटलं, आपल्या दोन शिव्यांनी एखाद्याचं घर चालत असेल तर खाऊ शिव्या, अंगाला काही भोकं पडत नाहीत. ते साहेब गेले, नवे आले, रीत तशीच राहिली. आता तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाकीचे कामाला लागलेले असतात.

तर त्या दिवशी निरोप आला की सगळ्यांनी मशिनं बंद करून नर्सिंगच्या वर्गात जमायचं. आम्हाला वाटलं, आगीचं प्रशिक्षण असणार. मागे एकदा वाळूच्या बादल्या फेकायला शिकवलं होतं, त्यात ट्रॉलीवाल्यानं निम्मी वाळू साहेबांच्या बुटात ओतली होती. सगळे मजेत गेलो. वर्गात आमच्यासाठी अकरा खुर्च्या गोल मांडलेल्या. भिंतीवर आतड्यांचं मोठं चित्र, कोपऱ्यात शिकवायला ठेवलेला प्लास्टिकचा पेशंट तोंड वासून पडलेला. मागच्या बाकांवर नर्सिंगच्या पोरी वह्या उघडून बसलेल्या. मला वाटलं, त्यांचा तास आत्ताच संपला असेल. कसला संपतोय! तास त्यांचाच होता, धडा आम्ही होतो.

साहेब फळ्याजवळ मान खाली घालून उभे होते. प्रशिक्षण द्यायला बाहेरून बोलावलेला तो मास्तर मध्ये आला, हात जोडले, आणि म्हणाला, "वाईट बातमी सांगायचं काम माझ्यावर आलंय. धुलाईचं काम बाहेर कंत्राटानं द्यायचं वर ठरलं होतं. तुमच्या साहेबांनी भांडून भांडून खातं वाचवलं. पण अकराजण राहणार नाहीत, दहा राहतील. एकाला आजपासून घरी जावं लागेल."

कंत्राटाची आवई वर्षभर आमच्या कानावर होतीच. शेजारच्या दवाखान्यातला धुलाईखाना असाच एका सकाळी कुलूप लावून बंद झाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निवडणाऱ्या बाईनं, म्हणजे मळकी कापडं वेगळी काढायच्या खोलीत जी बसते तिनं, माझ्या दंडाला गच्च धरलं.

"कोण जाणार हे साहेब ठरवणार नाहीत," मास्तर म्हणाला. "तुम्हीच ठरवायचं. बोलायचं नाही. उठायचं आणि ज्यानं जावं असं वाटतं, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. पाच मिनिटांत ठरलं नाही तर सगळंच खातं बंद."

"साहेब, खरं का हो हे?" ट्रॉलीवाल्यानं विचारलं.

साहेबांनी हो म्हणून मान हलवली. काय नट आहे तो माणूस! कधी चादरीची घडी जमली नाही, पण चेहरा असा पाडला की मढ्याला लाजवील.

मग सुरू झालं. इस्त्रीचा मोठा रोलर चालवतो तो रोलरवाला पहिला उठला आणि ट्रॉलीवाल्याच्या मागे जाऊन उभा राहिला. दोघांचं आधीच वाकडं. ट्रॉलीवाला म्हणाला, "असं होय रे!" आणि ताडकन उठून रोलरवाल्याच्या रिकाम्या खुर्चीमागे गेला. दोघं एकमेकांच्या खुर्च्यांमागे उभे राहून डोळे वटारत होते. एरवी मी पोट धरून हसले असते. निवडणारीला नेमकी तेव्हाच लघवीला लागली, ती उठून बाहेर गेली ती सगळं संपेपर्यंत आली नाही. शहाणी बाई. बाकीचे उठले आणि भिंतीला टेकून एकमेकांकडे बघत राहिले, बाजारात शेवटच्या दिवशी उरलेल्या मालाकडे बघावं तसे.

मी उठले नाही. कुणी म्हणेल, थोरली मोठी शूर. शूर कसली? माझा गुडघा धरला होता आणि डोकं चालत नव्हतं. उठून जाणार कुणाच्या मागे? एकेकाचं घर मला माहीत. रोलरवाल्याची बायको आजारी, ट्रॉलीवाल्याला तीन पोरी, इस्त्रीवाली नवऱ्यानं टाकलेली. मी नुसती बसले होते. आणि बसलेली मी एकटीच होते, तिथेच घोटाळा झाला.

रोलरवाल्यानं आणि ट्रॉलीवाल्यानं डोळ्यांनी काय तह केला कोण जाणे, पण दोघंही एकमेकांच्या खुर्च्या सोडून हळूच माझ्या मागे आले. जन्मात त्यांचं एकमत झालं ते असं. मग इस्त्रीवाली आली. मी वळून बघायला लागले, तेव्हाच तो मास्तर म्हणाला की मावशी, मागे वळून बघायचं नाही.

न बघताही कळतं हो. एवढी वर्षं ज्यांच्याबरोबर ओल्या फरशीवर वावरले, त्यांची पावलं मला कळणार नाहीत? रोलरवाला टाच आपटतो. इस्त्रीवाली पाय घासते. एकेक येत होता आणि मला कुणाचंच नवल वाटत नव्हतं. मनात म्हणत होते, येऊ दे, नेहमीसारखंच आहे, काही झालं की थोरली. माझी नजर धाकटीवर होती. ती समोर खिडकीशी उभी होती, गजाला धरून. माझ्याकडे बघत नव्हती. फळ्याकडे बघत होती, छताकडे बघत होती, त्या प्लास्टिकच्या पेशंटकडे बघत होती. मला एवढंच हवं होतं, तिनं तिथेच उभं राहावं. बाकी सगळं दुनियेनं करू दे.

मास्तर म्हणाला, "शेवटचं मिनिट."

धाकटीनं गज सोडला. माझ्या उजव्या बाजूनं गेली, तेव्हा तिच्या एप्रनचा वारा मला लागला. घरात पहाटे ती चहा ठेवायला उठते तेव्हा तिची पावलं ऐकून मी जागी होते. काही वाईट सांगायचं असलं की दारापर्यंत येते, थांबते, मग आत येते. तशीच आली. थांबली. मग माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"आता वळून बघा, मावशी," मास्तर म्हणाला.

मी नाही बघितलं.

तेवढ्यात त्यानं टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन! कुणीही कुठेही जाणार नाही! हे सगळं खोटं होतं. हा एक प्रयोग होता. भीती वाटली की माणूस कसा वागतो, ते आपल्या विद्यार्थिनींनी आज डोळ्यांनी पाहिलं. धुलाई विभागासाठी जोरदार टाळ्या!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या. आणि आमची माणसं हसायला लागली. सुटलो, वाचलो, म्हणून खिदळत होती. रोलरवाल्यानं ट्रॉलीवाल्याच्या गळ्यात हात टाकला. मला पाठीवर थापट्या. "थोरल्याबाई, मनावर घेऊ नका हं! आम्हाला माहीतच होतं हे खोटं आहे."

"माहीत होतं तर तुझ्या पोटऱ्या का लटपटत होत्या रे?" मी रोलरवाल्याला म्हटलं. खुर्चीला त्याचे पाय लागत होते, मला कळत नव्हतं होय?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गुडघा धरलेला असूनही उठले. मास्तरसमोर जाऊन उभी राहिले. "हे कशासाठी केलंत?"

"मावशी, बसा, पाणी घ्या."

"पाणी नको. मी विचारते, कशासाठी? लोकांच्या पोटावर पाय देऊन बघितलंत, ओरडतात कसे?"

तो हसला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पोरींकडे वळून म्हणाला, "बघा, हे फार महत्त्वाचं आहे. राग हा भीतीचाच दुसरा चेहरा असतो. मावशी आत्ता चिडल्यात, याचा अर्थ त्या आतून अजून घाबरलेल्या आहेत." पोरींनी माना खाली घालून लिहून घेतलं.

"घाबरलेली मी नाही, बाबा," मी म्हटलं. "घाबरले ते हे होते आणि घाबरवलंत तुम्ही. मी चिडले आहे. मला राग आलाय, त्याला दुसरं नाव देऊ नका."

"छान. मोकळ्या होताय, हे छान आहे."

आता याला काय करायचं? शिवी दिली तरी हा वहीत उतरवून घ्यायला लावणार. साहेब मध्ये पडले. "मावशी, पुरे की आता. गंमत होती."

"तुमचा खेळ होतो, साहेब, आणि आमचा जीव जातो."

"कुणाचा जीव गेलाय? सगळे उभे आहेत ना इथे? चला, चहा घ्या."

चहा आला. बिस्किटं आली. सगळ्यांनी घेतली. धाकटी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी होती आणि तिच्या हातातला कप थंड होत होता. मी चहा न पिता खाली आले. ड्रायरमधल्या चादरी कुणी काढल्या नव्हत्या, त्या चुरगळून बसल्या होत्या. प्रयोगाचं त्यांना काय?

दुपारभर आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो. दोघींनी दोन दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, मध्ये दुमडायचं, मग चालत एकमेकींपाशी यायचं आणि तिनं तिची टोकं माझ्या बोटांत द्यायची. दर चादरीला ती माझ्या तोंडासमोर यायची आणि दर चादरीला खाली बघायची. एकदा टोक सुटलं. एरवी मी म्हटलं असतं, "लक्ष कुठंय तुझं, माहेरी का?" त्या दिवशी वाकून मीच उचललं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना, म्हणजे धाकटीच्या दादांना, सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, पण खोटंच होतं ना?"

"हो."

"कुणाचं काम गेलं?"

"नाही."

"मग झालं तर. उगीच राईचा पर्वत करू नकोस. जेवायला वाढ."

पुरुषांचं बरं असतं. गोष्ट खरी की खोटी, एवढं ठरलं की ते जेवायला मोकळे. प्रयोग खोटा होता हो, पण माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली ती माणसं काय पुठ्ठ्याची होती? धाकटी चालत आली ते काय खोटं चालत आली?

मी भाजी चिरायला घेतली. धाकटी कणकेचा डबा काढून माझ्याशेजारी बसली. भाऊजी बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवे होते, त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. त्यांची पोरगी अभ्यास करत होती.

"ताई, बोला ना काहीतरी," शेवटी तीच म्हणाली. "शिव्या तरी द्या."

"का आलीस माझ्या मागे?"

ती पीठ मळत राहिली. मला वाटलं आता रडेल, पाय धरेल, म्हणेल मी घाबरले, मला काही सुचलं नाही. तसं म्हणाली असती तर मी विरघळले असते, मला मी माहीत आहे. पण धाकटीला खोटं बोलता येत नाही. तिचा तो गुण मला एवढी वर्षं आवडत होता.

"दुसऱ्या कुणाच्या मागे गेले असते," ती म्हणाली, "तर त्यांनी जन्मभर माझं तोंड बघितलं नसतं. तुम्ही बघाल. एवढं मला माहीत होतं."

मी विळी बाजूला ठेवली.

"तुमचं काम गेलं असतं तरी दादांची पेन्शन आहे," ती पुढे म्हणाली. "माझं गेलं असतं तर आम्ही तिघं पुरते तुमच्या अंगावर. आधीच काय कमी आहोत? मी उभी होते ना खिडकीशी, तेव्हा हाच विचार केला. सगळे गेलेच होते तुमच्या मागे. मी नसते गेले तरी तुम्हीच जाणार होतात."

"तुझ्या एकटीनं काय फरक पडणार होता, असंच ना?"

"हो."

तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मलाही कळत होतं. म्हणूनच राग जास्त आला. चूक असतं तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. लोक म्हणतात, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ते मी ऐकत आले होते, पण तो दांडा शेजारी बसून पीठ मळत हे असं नीट समजावून सांगेल, असं कुणी सांगितलं नव्हतं.

"मऊ सापडलं म्हणून कोपरानं खणायचं, होय ग?"

तिनं पिठाचे हात थांबवले. माझ्याकडे बघितलं, दिवसभरात पहिल्यांदा.

"हो, ताई," ती म्हणाली. "तसंच."

मी भाजी फोडणीला टाकली. सगळे जेवले. मीही जेवले. उपाशी राहून कुणावर उपकार करायचे?

नंतरचे दिवस वरून बघणाऱ्याला नेहमीसारखेच दिसले असते. मी धाकटीशी बोलत होते, मीठ दे, दिवा लाव, पोरीला उठव. धुलाईखान्यात हसणं-खिदळणं पुन्हा सुरू झालं. ट्रॉलीवाला मास्तरची नक्कल करायचा, "मावशी, मागे वळून बघायचं नाही हं," आणि सगळे हसायचे. मी हसत नव्हते तेव्हा म्हणायचे, "थोरल्याबाई अजून फुगलेल्या दिसतात." मला आतल्या आत उकळी फुटायची. यांच्या दृष्टीनं ती माझी रुसण्याची बाब होती. रुसले आहे, दोन दिवसांत होईल बरी.

मग ब्लीचचं झालं.

ऑपरेशनच्या हिरव्या कापडांना ब्लीच घालायचं नसतं. ते पांढऱ्या चादरींच्या मशीनमध्ये घालतात. त्या सकाळी धाकटी मशिनं भरत होती. भाऊजींना रात्री फार दुखलं होतं, तिला झोप नव्हती. ब्लीच हिरव्याच्या मशीनमध्ये गेलं. झाकण उघडलं तेव्हा सगळी कापडं कोड आल्यासारखी पांढऱ्या डागांची. इस्त्रीवालीनं कपाळाला हात लावला. कापडं वेळेवर वर पोचली नाहीत, तसा ऑपरेशनवाल्यांचा साहेबांना फोन गेला आणि साहेब धाडधाड जिना उतरून आले.

"कोणी केलं हे?"

रोलरवाला रोलरकडे वळला. ट्रॉलीवाल्यानं ट्रॉलीची मूठ धरली. कुणी धाकटीकडे बघितलं नाही. सगळे माझ्या वाक्यासाठी थांबले होते, आणि ते जणू मी बोलून झालेच आहे अशा बेतानं हात कामाला लावत होते. साहेबसुद्धा माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या तोंडात शिव्या तयार होत्या, मोजक्या, नेहमीच्या.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. सवयीनं आलंच होतं. मी दात आवळले.

"मावशी?" साहेब म्हणाले.

"मी नाही केलं."

"मग कोणी?"

"मला विचारू नका, साहेब. माझ्या हातून झालेलं नाही, एवढंच सांगते."

मशीनमधलं पाणी उतरत होतं, त्याचा तेवढा आवाज. मी धाकटीकडे बघत नव्हते. आता घाबरायची पाळी कुणाची आणि चालत यायची पाळी कुणाची, ते मला बघायचंच नव्हतं. मास्तरची हौस मला नाही.

"माझ्या हातून झालं," धाकटी म्हणाली.

हे वाक्य त्या खोलीत माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. साहेबही गोंधळले. माझ्यासाठी आणलेल्या शिव्या तिला कशा द्यायच्या, हे त्यांना कळेना. "तू?" म्हणाले. "झोपेत होतीस का?" मग आवाज चढला, मग बरंच बोलले. धाकटी हात पुढे बांधून उभी राहिली. सबब सांगितली नाही. भाऊजींचं दुखणं, रात्रीचं जागरण, काही काढलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, "उद्यापासून मशीनपाशी यायचं नाही. घडीवरही नको. मळक्याच्या खोलीत बस, रक्ताची कापडं निवडायला. आणि पुन्हा असं झालं तर घरी." निवडणाऱ्या बाईला तिथून काढून माझ्यासमोर घडीला लावलं.

साहेब गेल्यावर रोलरवाला माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "थोरल्याबाई, बोलला असतात तर काय बिघडणार होतं? तुम्हाला कोण काय करणार होतं? तिचं बघा, घरी आजारी माणूस, आता त्या घाणीत जाऊन बसायचं."

घाणीत बसायचं ते धाकटीला, आणि हा मला शिकवायला आला होता. माझा आवाज एरवी मशीनच्या आवाजावर जातो, त्या दिवशी मशीन बंद होतं.

"त्या दिवशी वर्गात माझ्या मागे पहिला कोण आला होता रे? तूच ना?"

"अहो, ते खोटं होतं..."

"तू येताना तुला खरं होतं. तुम्ही मला घरी पाठवलंत. मग गेले मी घरी, असं समज. गेलेल्या बाईकडे काय मागायला आलास?"

तो रोलरकडे परत गेला. इस्त्रीवाली अभ्र्याची घडी पुन्हा पुन्हा तीच घालत होती. मला बरं वाटलं का? नाही वाटलं. नुसता गुडघा ठणकत होता. पण शब्द परतही घ्यावासा वाटला नाही.

सुटी झाली. धाकटी हातपाय धुऊन फाटकाशी थांबली होती. मला वाटलं, आज एकटी जाईल. थांबली होती. दोघी निघालो. रस्ता ओलांडेपर्यंत शेजारी शेजारी चाललो. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बोलला नाहीत ते बरं केलंत." मी पुढे बघत चालत राहिले. तिनं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल, असंही वाटलं नाही. धाकटीला ते येत नाही, हे मी आधीच सांगितलं.

मग वाटेत एक अरुंद बोळ लागते. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मध्ये एकाच माणसाची वाट. इतकी वर्षं तिथून मी पुढे आणि ती मागे. मोठी पुढे, लहान मागे, याला कधी कुणी ठरवावं लागलं नव्हतं. ती बोळीच्या तोंडाशी कडेला झाली, मला वाट द्यायला.

माझे पाय उठेनात. भिंतीला हात लावून मी उभी राहिले.

"तू हो पुढे," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा ना, ताई. मी आहे मागे."

"नको."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. "गुडघा दुखतोय का? धरू का हात?" म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. डबा या हातातून त्या हातात घेतला आणि बोळीत शिरली.

मी तिच्या मागून निघाले. ती चार पावलं चालायची आणि मान वळवून बघायची, मी येतेय ना म्हणून. मी येतच होते. जाणार कुठे? घर एकच होतं.